दातांत धरलेली लवंग

नंदाचा आवाज आधी यायचा, नंदा मागून. गच्चीच्या जिन्यावर ती अजून दोन वळणं खाली असायची आणि वर आमच्या पत्र्याच्या खोलीत तिचं पुटपुटणं पोचलेलं असायचं: एखाद्या समीकरणाची डावी बाजू, एखाद्या अवकलनाची पायरी, माठ भरत येताना पाण्याचा चढतो तसा चढत जाणारा स्वर. भाद्रपदात गंगा ब्रह्माघाटाच्या पायऱ्या गिळून गल्लीच्या तोंडाशी येते, तेव्हा साऱ्या घरांवर एक ओलसर, जड शांतता पसरते. त्या शांततेत तो आवाज, भिजल्या भिंतीवर कुणी नखानं रेघ ओढावी तसा, बारीक आणि स्पष्ट ऐकू येई.

ती आमच्या गल्लीतल्या वेदपाठशाळेच्या गुरुजींची मुलगी. वडील ओसरीवर मुलांना संथा देत, म्हणजे स्वतः एकदा म्हणत आणि मुलांकडून दोनदा म्हणवून घेत. आत भाजी निवडता निवडता ही ते सगळं कानांनी वेचत राही. मंत्र तिच्या वाट्याला आले नाहीत, रीत आली. बारावीत तिनं ती रीत गणिताला लावली. जिला उदाहरण सुटलं तिनं ते एकदा मोठ्यानं सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक पायरी दोनदा म्हणायची. सांगताना तिचा उजवा हात स्वर दाखवावेत तसा वर-खाली होई. घर्षणाला तळहात पालथा, त्वरणाला बोटं उभी, आणि उत्तर आलं की मूठ अलगद मिटे.

ऐकणाऱ्या दोघी. एक माझी लेक इरा. दुसरी रुखसार, पंचगंगा घाटाच्या वरच्या मोहल्ल्यातली. तिच्या घरी दिवसभर मागाची खटखट चाले, म्हणून ती अभ्यासाला आमच्याकडे येई. तिघींना इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा द्यायची होती. इरा आणि रुखसारला नाही जमलं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता आलं असतं. नंदाला गुरुजींनी एकच वर्ष दिलं होतं. त्यानंतर घराजवळच्या कॉलेजात संस्कृत घेऊन बी.ए.

वेळापत्रक मी केलं. शाळेच्या ऑफिसात माझं निम्मं आयुष्य याद्या करण्यात गेलं आहे, आणि तीन मुलींची दुपार म्हणजे काही मोठं काम नव्हे. तीन ते चार गणित, चार ते पाच भौतिकशास्त्र, मग चहा, मग रसायन. कुणी कुणाला काय सांगायचं तेही लिहिलं. इराला गणित: नंदा. रुखसारला भौतिक: नंदा. दोघींना रसायन: नंदा. कागद दाराला आतल्या बाजूनं चिकटवला, कारण बाहेरचं काहीही माकडं ओरबाडून नेतात. पट्टी लावून आखलेला, मोठा नीटस कागद होता. त्यात नंदाला एकटीनं बसून सोडवायला एकही तास नव्हता, हे मला दिसलं नाही. तिला दिसलं असेल, तर ती बोलली नाही.

कार्तिकात पंचगंगेवर उंच बांबूंना आकाशदिव्यांच्या टोपल्या चढल्या, तेव्हा या तिघी नाव आणि प्रवाह यांच्या उदाहरणात अडकल्या होत्या. रुखसारला ते काही केल्या उतरत नव्हतं.

"पंडिताइन, एक बार और," ती म्हणे.

"पहले तू दो बार बोल."

"बोल तो रही हूँ. घुस नहीं रहा."

"तिच्या डोक्यात माग चालू असतो," इरा म्हणाली, "जागा कुठाय?"

"तुझ्या डोक्यात तर तोही नाही," असं शांतपणे म्हणून नंदानं दोघींना हाताला धरून कठड्याशी नेलं. खाली एक मल्लाह पलीकडच्या वाळूकडे नाव काढत होता. "देख. सीधा उस पार जाना है उसे. नाव का मुँह किधर है?"

"ऊपर की तरफ."

"क्यों?"

"पानी नीचे खींचता है न," रुखसार म्हणाली.

"बस. अब दो बार बोल."

परीक्षा माघातल्या धुक्यात आली. शहराबाहेरचं केंद्र, संगणकांच्या रांगा, दोन मुलांच्या मध्ये आडोसे. प्रवेशपत्रं, ओळखपत्रं, पाण्याच्या बाटल्या, माझ्या यादीतलं काही राहिलं नव्हतं. तीन तासांनी इरा आणि रुखसार बोलत बाहेर आल्या आणि नंदा त्यांच्या मागून आली, तिच्या आवाजाशिवाय. परतताना रिक्षात तिनं सांगितलं. पहिलंच उदाहरण ती सवयीनं पुटपुटत सोडवू लागली, तेव्हा पर्यवेक्षक म्हणाले, "बोलिए मत." दुसऱ्यांदा हटकल्यावर तिनं तोंड घट्ट मिटलं, आणि तोंडाबरोबर सगळंच मिटलं.

"काकू, समोर कोणीच नव्हतं," ती म्हणाली. "नावेचंच उदाहरण आलं होतं. कोणाला सांगू, तेच कळेना."

रुखसारनं धुक्याकडे तोंड फिरवलं. तिला ते सुटलं होतं.

निकाल लागला, इरा आणि रुखसारला जागा मिळाल्या. नंदाला मिळाली नाही. मी दाराचा कागद काढला आणि घेऊन गुरुजींकडे गेले. चूक कुणाची होती ते त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. वेगळं सांगावं लागलं नाही. त्यांनी तो दूर धरून वाचला.

"वहिनी, जप तीन तऱ्हांचा असतो," ते म्हणाले. "वाचिक, मोठ्यानं. मग उपांशु, नुसते ओठ हलतात. मग मानस. ही पहिल्यावरच थांबली. पुढचे दोन मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवले, हिला नाही शिकवले." कागदाची घडी करून त्यांनी परत दिली. "एक वर्ष आणखी बसू दे. पण तिच्यासमोर बसणार कोण?"

"मी बसते," मी म्हटलं.

त्या वर्षी त्या खोलीत आम्ही दोघीच. ऑफिसातून येऊन मी जिना चढायची, पाय भरून आलेले असायचे. तिच्यासमोर मटार नाहीतर तांदूळ घेऊन बसायची आणि तिच्याकडे बघायचं नाही हे स्वतःला बजावायची. लवंगेची युक्ती माझी. पुढच्या दातांत अलगद एक लवंग धरायची. बोललं की पडते. पहिल्या महिन्यात ती पायरीपायरीला पडली. नंदा उचलायची, ओढणीला पुसायची, पुन्हा धरायची, आणि तिच्या कपाळावर घाम यायचा तो आषाढाच्या उकाड्याचा नसायचा. आकाशदिवे पुन्हा चढले तोवर नुसते ओठ हलू लागले होते. मार्गशीर्षात ओठही थांबले. उरला तो उजवा हात, गुडघ्यावर वर-खाली होणारा, आणि शेवटी अलगद मिटणारी मूठ. कधी माझा डोळा लागायचा, जाग यायची तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलेलं असायचं आणि ती तशीच बसलेली, एखाद्या चित्रातल्यासारखी निःशब्द. मला बरं वाटायला हवं होतं. मी दमलेली होते, असं मी स्वतःला सांगितलं.

ती दुसऱ्या खेपेला पास झाली. लवंग तोंडात धरूनच आत गेली होती. श्रावणात दक्षिणेकडच्या कॉलेजात गेली. फोन करते, "जेवलात का काकू," विचारते, आणि मग आमच्यामध्ये एक स्वच्छ, नेटकी शांतता उभी राहते. पूर्वी तिच्या बोलण्यातून मला तिचा अख्खा दिवस कळायचा. आता विचारावा लागतो.

आश्विन लागला आहे. पाणी उतरलं, घाटावर पंप लावून गाळ धुताहेत, आणि मी खोली आवरायला काढली आहे. झाडूबरोबर कोपऱ्यातून एक लवंग आली, दातांची बारीक खूण असलेली. नाकाशी धरली तर वास गेलेला. मी केलेल्या कागदात जे राहून गेलं होतं, ते एका वर्षात भरून काढता आलं. ते भरताना जे रिकामं झालं त्याला कुठल्याच यादीत जागा नाही. तीन वाजले की नुसते कान रोज जिना उतरून दोन वळणं खाली जातात, आणि तिथंच उभे राहतात.