बाराशे झेंड्याइची शिवन

मित्रांनो, शिलाई मशीन आहो मी, पाय मारायची. रंग उडाला, अंगावरचं नाव पुसलं, पन टाका पाहा माहा! आजबी मुंग्याइच्या रांगेवानी सरळ पडते.

जन्म लुधियान्याचा. तिथून अकोल्याच्या दुकानात आली, अन् एसटीच्या टपावर बसून संग्रामपूरजवळच्या या खेड्यात. जनकाबाईनं मले ओसरीत खिडकीपाशी ठेवलं. मंग काय! झंपर, परकर, शाळेचे ड्रेस. ज्या पोराचं टोपडं मी शिवलं, त्याच्या लग्नाचा सदरा बी मीच शिवला. जनकाबाई मोठी खट्याळ. जो लय घाई करे, त्याच्या सदऱ्याचा खिसा ती तोंडाकडूनच शिवून टाके. तो घरी जाऊन हात घाले, अन् शिव्या देत वापस येये. मले लय मजा वाटे.

पन माही खरी शान दिसली ते आघाडीच्या येळी. आमच्याकडं विहिरीचं पानी खारं. डाळ शिजत नाही, चहाचं दूध फाटते. जनकाबाईच्या सुनेले, मंजुश्रीले, डाक्टरनं सांगितलं होतं, हे पानी पेशीन तं किडनी जाईन. घरोघरी असंच. म्हनून गावागावानं मिळून नवा पक्ष काढला, 'गोडं पानी आघाडी'. मागनं एकच, धरनावरून नळ पाह्यजे. सपाटीच्या गावाइचे पुढारी वामनराव, पहाडाखालच्या गावाइचा भागवतभाऊ. झेंडा दोन रंगाचा. अर्धा पिवळा, कपाशीच्या फुलावानी. अर्धा जांभळा, पहाडातल्या जांभळावानी. अन् मधात माही दुहेरी शिवन.

बाराशे झेंडे शिवले मित्रांनो! जनकाबाईचे पाय सुजले, माहा पट्टा दोनदा तुटला. पंचायत समितीच्या आठ जागाइपैकी पाच आघाडीनं जिंकल्या. मिरवणुकीत लोक पुढाऱ्याइले पाहून राह्यले होते, मी खिडकीतून झेंडे पाहून राह्यली होती. वारा भन्नाट, पन एकाची शिवन हालली नाही.

मंग खुर्ची आडवी आली. ठरलं होतं, सव्वा वर्ष वामनराव सभापती, पुढं सव्वा वर्ष भागवतभाऊ. सव्वा वर्ष झालं, वामनराव काही उठेनात. भागवतभाऊ फुटाले निंगाला. अन् त्याच शुक्रवारी नळाच्या ठरावावर हात वर कराचे होते. पाचातला एक हात कमी झाला की ठराव पडला, नळ गेला.

मंगळवारी सकाळीच वामनराव झेंड्याइचा गठ्ठा घेऊन हजर. "जनकाबाई, यातला जांभळा काढून टाका. मले पिवळा तेवढा पाह्यजे."

मांगोमांग भागवतभाऊची फटफटी. "काकू, मले पिवळ्याचं तोंड नाही पाहाचं. जांभळा ठेवा फक्त."

जनकाबाईनं माह्यावर कपडा टाकला. "मी शिवनारी बाई आहो. उसवनं तुमचं काम," म्हने, अन् दोघाइच्या हातात एक एक ब्लेड देलं.

आता माही दुहेरी शिवन अशीतशी उसवत नाही. एकानं इकडून ताणून धरावं, एकानं तिकडून, तवा कुठं ब्लेड आत जाते. झालं! दोन मोठे पुढारी ओट्यावर समोरासमोर, एकच झेंडा दोन टोकाइनं धरून बसले. गल्ली जमा झाली.

"वामनराव, खुर्चीवानी घट्ट धरा!" शेजारचा महादेवराव म्हातारा वरडला. "अन् तू ताण बे भागवत, ताणाचीच सवय हाय तुले!"

कपड्याखाली मीबी म्हनून राह्यली होती, ताणा राजेहो, ताणा. घंटाभरात दोन झेंडे उसवले. वामनरावाचं बोट चिरलं.

तवा जनकाबाईनं चहा आनला. दोघाइनं एक घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं.

"काऊन हो?" जनकाबाई म्हने. "निवडून आल्यापासून बाटलीचं पेता ना? हे आपल्याच विहिरीचं हाय. याच पान्यानं माही सून खाटेवर पाडली."

जनकाबाईनं दोघाइच्या हातातले ब्लेड काढून घेतले.

"पक्ष फोडा, माही ना नाही. पन शुक्रवारी पाच हात वर करा, मंग शनिवारी फोडा."

वामनराव बोटाले चिंधी गुंडाळत राह्यले. मंग खाली पाहूनच म्हने, "करतो बाई." भागवतभाऊनं फटफटीले किक मारली. "मीबी करतो काकू," म्हने.

शुक्रवारी पाच हात वर झाले. शनिवारी आघाडी फुटली. चौकात समोरासमोर दोन हापिसं झाली, दोन पाट्या लागल्या. पन पुढच्या वर्षी नळ आला, अन् मंजुश्रीनं पह्यला गिलास उभ्यानंच गटागटा पेला. बाराशेपैकी अकराशे अठ्ठ्यान्नव झेंडे आजबी साबूत हायेत. एवढा हिशोब सांगाचा हक्क मले हाय.

आता लोक तयार कपडे आनतात. माह्यावर घड्या न केलेले कपडे रचतात, मांजर झोपते. मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी म्हातारी मशीन असन तं तिच्यावर गाठोडे ठेवू नका. महिन्यातून दोन थेंब तेल द्या, चाक फिरवून पाहा. अन् कोनाची शिवन उसवाची झालीच, तं आंधी सोताच्या हातानं ताणून पाहा, किती मेहनतीची हाय ते समजन.

मी मात्र अजून रिकामी नाही. वामनराव पिवळे झेंडे शिवाले माह्याकडंच धाडतात, अन् भागवतभाऊ जांभळे. दोघाइचे मी एकाच रिळाच्या दोऱ्यानं शिवते. त्याइले सांगू नका.