एका बाजूने खोटं बोलणारी पाणसळ

मी एक जुनी पाणसळ आहे, मित्रांनो, आणि आज मान खाली घालून बोलणार आहे. हातभर लांबीची लाकडी पट्टी, पोटात काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा, एवढाच माझा संसार. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की काम सरळ. सुतार मला फळीवर ठेवतात आणि मी सांगेन ते खरं मानतात. म्हणूनच तर लाज वाटते.

फर्निचरच्या कारखान्यात मी बाबांच्या हाती आले, तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. (मी त्यांना बाबाच म्हणते. घरात सगळे तेच म्हणतात.) दुसऱ्याच वर्षी मी शिडीवरून पडले. माझा एक कोपरा उडाला आणि तेव्हापासून बुडबुडा त्या तुटक्या कोपऱ्याकडे ओढ घेऊ लागला.

मुकादम म्हणाला, "टाक भंगारात."

"खोड कळली की झालं," बाबा म्हणाले. "आपल्यात तरी बिनखोडीचं कोण आहे?"

मग ते मला प्रत्येक कामावर दोनदा ठेवू लागले, एकदा सुलटी आणि एकदा टोकं फिरवून उलटी. बुडबुडा दोन्ही वेळा सारखाच सरकला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, की काम चोख! दारं झाली, कपाटं झाली, शाळेचे बाक तर किती झाले! एकाचीही तक्रार आली नाही. संध्याकाळी बाबा मला फडक्यात गुंडाळत, तेव्हा मी काय फुगून जायचे म्हणून सांगू!

आणि मग बाबा रिटायर झाले.

चौथ्या दिवशी त्यांनी लेकीच्या टेबलामागच्या भिंतीवर पुस्तकांसाठी फळी ठोकली. घरात तिला टिकली म्हणतात, पण तोंड मात्र ढोलाएवढं. त्याच दिवशी आत्या आणि टिकलीच्या मैत्रिणी घरी आलेल्या. टिकलीने बाबांची टोपी डोक्यावर चढवली, पेन्सिल कानावर खोचली आणि साहेबासारखी खुर्चीत बसली.

"उमेदवार, वय?"

"साठ, साहेब," बाबा हात जोडून म्हणाले.

"अनुभव?"

"छत्तीस वर्षं."

"जागा एकच आहे, घरातल्या कुरकुरणाऱ्या दारांचे मुख्य डॉक्टर! पगार, दोन वेळा चहा. पण आधी परीक्षा!"

तिने मला उचललं आणि फळीवर ठेवलं. एकदाच. मला ओरडून सांगावंसं वाटलं, "अगं, उलटी कर मला!" पण पाणसळीला तोंड कुठे असतं? बुडबुडा गेला आपल्या सवयीने तुटक्या कोपऱ्याकडे.

"अरेरे! फळी तिरकी! चार दिवसांत हात बिघडला, बाबा!"

"दादा, तू आता भाजी चिरायला बस," आत्या म्हणाली. "ती तिरकी चालते."

सगळ्या खो खो हसल्या. बाबाही हसले. "असेल बाई," ते म्हणाले. "वय झालं." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

पाहुणे गेल्यावर त्यांनी फळीचं एक टोक सोडवलं आणि मी खोटं सांगितलं होतं तसं वर ठोकलं. मला एकदाच ठेवून! मग मला पेटीत टाकलं आणि पेटी पलंगाखाली ढकलली. आठवडाभर मी अंधारात होते. दार कुरकुरत होतं. बाबा पेपर वाचत होते.

आठव्या दिवशी टिकलीने फळीवर पेन ठेवलं, ते घरंगळत खाली आलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा आलं. तिने मला बाहेर ओढलं, सुलटं ठेवलं तर बुडबुडा मधोमध, उलटं ठेवलं तर पार कोपऱ्यात. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, ही पाणसळ खोटं बोलते!"

"एका बाजूने. ठाऊक आहे मला."

"म्हणजे तुमची फळी सरळच होती? मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

बाबांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तू रंगात आली होतीस. आणि खरं सांगू? उलटी करून बघायची भीती वाटली, बाळा. दोन्हीकडून तिरकीच निघाली असती तर?"

 टिकली बाबांच्या दंडाला डोकं टेकून उभी राहिली. नंतर नाक पुसत म्हणाली, "उठा उमेदवार. साहेब नापास झालेत. शिकवा."

दोघांनी मिळून फळी पहिल्या जागी आणली. मला सुलटं ठेवलं टिकलीने, उलटं ठेवलं बाबांनी, आणि त्यांचा हात अगदी पूर्वीसारखा स्थिर होता. दुपारी दारही गप्प झालं.

मित्रांनो, मला मखमलीत ठेवू नका. फक्त एवढं करा, आपल्या माणसाची थट्टा करताना त्याचं हसू एकदा उलटं करूनही बघा.

भिंतीत दोन जास्तीची भोकं पडली आहेत. बाबा बुजवायला निघाले होते. टिकली म्हणाली, "राहू देत." त्या भोकांवर नजर गेली की माझा बुडबुडा अजून लाजून कोपऱ्यात जातो.