दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

फोन आला तेव्हा थोरलीच्या हातात एका निवृत्त हेडमास्तरांची वरची कवळी होती. दात बनवणाऱ्या त्या लहानशा लॅबमध्ये ती एकतीस वर्षं काम करत होती. मेणात दात बसवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा, कडा घासून गुळगुळीत करायच्या. हेडमास्तरांनी कवळी दोनदा परत पाठवली होती, हसताना आपण घोड्यासारखे दिसतो म्हणून. यात कवळीचा काय दोष, असं थोरलीचं प्रामाणिक मत होतं.

"आपणच का त्या?" पलीकडच्या माणसाने विचारलं. "चौतीस वर्षांपूर्वी दहा गाण्यांची एक रेकॉर्ड काढली होती, शब्द आपले, चाली आपल्या, गिटारही आपली?"

दुसऱ्या कोणाला अशा फोनने अस्मान ठेंगणं झालं असतं. थोरलीने कसंबसं हो म्हटलं. तिने कवळी ओल्या फडक्यावर ठेवली आणि दार लावून घेतलं.

माणूस भला होता. दुसऱ्या दिवशी तो लॅबवरच आला. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला पिशवी, आणि बोलण्याची अशी घाई की वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू. विस्मरणात गेलेल्या रेकॉर्डी शोधून पुन्हा काढायच्या, हा त्याचा धंदा. थोरलीची रेकॉर्ड त्याला जुन्या सामानाच्या ढिगात सापडली होती. "ताई, मी तीन दिवस दुसरं काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "ही चीज लोकांपर्यंत पोचली कशी नाही तेच कळत नाही मला."

ते थोरलीलाही कधी कळलं नव्हतं. तीनशे प्रती निघाल्या होत्या. तीन दुकानांत ठेवल्या आणि दोन महिन्यांत संपल्याही. पण ना कोणाचं पत्र आलं, ना कोणी रस्त्यात थांबवून बोललं. विकतच गेली नसती तर दुकानदारांना नावं ठेवता आली असती. लोकांनी विकत घेतली, ऐकली आणि चकार शब्द काढला नाही, हे तिला फार लागलं. काढणारी कंपनी पुढच्याच वर्षी बंद पडली. थोरलीने गिटार एका शेजारणीच्या मुलीला देऊन टाकली आणि पुन्हा एक ओळ लिहिली नाही. वाईट वाटलंच, पण मनाच्या तळाशी एक सुटकेचा श्वासही होता. कोणी ऐकलं नाही म्हणजे दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणंही कोणी ऐकलं नाही.

ते गाणं असं होतं. दुपारची वेळ आहे. पलंगावर एक माणूस श्वासासाठी धडपडतो आहे. शेजारी खुर्चीवर एक बाई बसली आहे. तिच्या मांडीवर गोळ्यांची बाटली आहे आणि ती बाटली उघडत नाही. दारात एक मुलगी उभी आहे. गाण्यात नाव नाही, नातं नाही. पण ज्याला त्या घराची खोली माहीत होती, तो खुर्चीच्या वेताच्या पाठीवरूनसुद्धा ओळखेल, इतकं सगळं तिने लिहून ठेवलं होतं.

बाई म्हणजे आई. माणूस म्हणजे बाबा. बाबांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की मायलेकी बोलता बोलता गप्प व्हायच्या, आणि आईच्या दंडावरचे डाग लांब बाह्यांखाली असायचे. बाबा गेले तेव्हा थोरली अकरा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ चार वर्षांचा, त्या दिवशी मावशीकडे. त्याला चपलांचा आवाज आठवत नव्हता. त्याला बाबांनी खांद्यावर बसवलेलं तेवढं आठवायचं, आणि त्या एका आठवणीवर त्याने अख्खा बाप उभा केला होता. आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला त्याने बाबांचंच नाव दिलं होतं. घरात बाबांचा फोटो तो रोज स्वतः पुसायचा, बायकोलाही हात लावू द्यायचा नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची आई त्याच्याच घरी, त्याच फोटोच्या पलीकडच्या खोलीत राहत होती.

म्हणून थोरली त्या फोनला घाबरली होती. गाणं धाकट्याने ऐकलं तर आईचं काय, हा एकच प्रश्न. या वयात तिला त्या घरातून उठावं लागलं तर? तो तिला जेवण वाढेल, औषधं देईल, सगळं करेल. पण तिच्याकडे बघेल कसा?

"एकच अडचण आहे," चष्मेवाला म्हणाला. "मूळ टेप कुठेच नाहीत. मला रेकॉर्डवरूनच उतरवून घ्यावं लागणार आणि माझ्या प्रतीवर एक खोल चरा आहे. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं पूर्ण कामातून गेलंय. सुई बसली की घसरते. तुमच्याकडे एखादी प्रत असेल ना?"

"नाही," थोरली म्हणाली. हे खरंच होतं. "तेवढं गाणं गाळा. बाकीची नऊ काढा."

एवढं बोलून तिला वाटलं, सुटले. तिने कागदावर लगेच सही केली. एका चऱ्याने तिची लाज राखली होती. पण चष्मेवाला हार मानणाऱ्यातला नव्हता. जाता जाता म्हणाला, "तीनशेतली एखादी तरी कुठे असेलच. मी जाहिरात देतो."

पुढचे तीन आठवडे थोरलीने जीव मुठीत धरून काढले. वर्तमानपत्रात कव्हरचा फोटो छापून आला, सव्वीस वर्षांची ती, कपाळावर बटा आणि चेहऱ्यावर जगाला शहाणं करायला निघाल्याचा भाव. एका बाईंच्या कवळीत तिने सुळे उलटे बसवले. लॅबचे मालक म्हणाले, "बाई, बरं वाटत नाही का? रजा घ्या." तिला रजा नको होती. घरी बसून नुसतं फोनकडे बघत राहिली असती.

चौथ्या आठवड्यात, दुपारी, धाकट्याचा फोन आला. आवाजातून आनंद उतू जात होता.

"ताई, पेपरात तू. अगं, सांगायचंस तरी. आणि ऐक, त्याहून मोठी गंमत. आईच्या खोलीला रंग काढायचा म्हणून पलंग हलवला. खालच्या दोन्ही पेट्यांत काय असेल?"

"चिंध्या," थोरली म्हणाली. आई नेहमी तेच सांगायची.

"तुझ्या रेकॉर्डी. सगळ्याच्या सगळ्या, कोऱ्या, वेष्टणसुद्धा फोडलेलं नाही. जवळजवळ तीनशे असतील. आईने विकत घेऊन ठेवल्या होत्या गं. मला तर रडूच आलं. मी त्या जाहिरातवाल्याला कळवलंय, संध्याकाळी येतोय तो. तू ये लगेच. एक फोडून आत्ता लावतोच, दुकानात दुरुस्तीला आलेलं रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणलंय."

"लावू नको," थोरली म्हणाली. "मी येईपर्यंत लावू नको. शपथ आहे तुला."

"बरं बाई," तो हसत म्हणाला. "लाजतेस काय आता या वयात."

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, पण ती उभीच राहिली. आईने सगळ्या रेकॉर्डी घेऊन लपवल्या, म्हणजे आईने ती कुठेतरी ऐकली होती. म्हणजे चौतीस वर्षं आईला माहीत होतं की थोरलीने दारातून पाहिलं आणि जगाला सांगायला निघाली. प्रत्येक भेटीत आई तिला बघून खुर्चीतून उठायची, पाणी आणायची, तिच्यासमोर जरा जास्तच नीट बसायची. थोरलीला ते प्रेम वाटत आलं होतं. आता वाटलं, ती भीती असेल. आपली आई आपल्याला घाबरत होती.

धाकटा बाहेरच्या खोलीत मशीनच्या वायरी जोडत बसला होता. भोवती वेष्टणातल्या रेकॉर्डींचे ढीग, सगळीकडून तिचाच चेहरा. "आई आत आहे," तो म्हणाला. "सकाळपासून बोलत नाहीये. भरून आलं असेल तिला."

आत आई पलंगाच्या कडेला बसली होती. रंगकामासाठी खोली रिकामी केलेली, त्यामुळे ती आणखीच लहान दिसत होती.

"दार लोटून घे," आई म्हणाली.

थोरली तिच्या शेजारी बसली. म्हणाली, "आई, मी लिहायला नको होतं ते."

"एकच घ्यायला गेले होते मी," आई म्हणाली. "दुकानदाराला सांगितलं, गाणारी माझी मुलगी आहे. त्याला कोण कौतुक. त्याने तिथेच लावली. दुकानात सहा-सात माणसं होती. पहिली बाजू झाली, सगळे वा वा म्हणाले. मग त्याने उलटली."

"आई."

"शेवटपर्यंत उभी होते. मग त्याच्याकडच्या सगळ्या मागितल्या. बाकीच्या दोन दुकानांत पुढच्या आठवड्यांत जात राहिले. पिशवीत मावतील तितक्या आणायच्या. दोन-चार माझ्या आधीच गेल्या असतील."

थोरलीला एकाच वेळी राग आला आणि रडू आलं. आपलं गाणं जगाने नाकारलं म्हणून तिने गिटार दिली होती. जगाला ते मिळालंच नव्हतं. जग म्हणजे या पलंगाखालच्या दोन पेट्या. "मला विचारायचं तरी," ती म्हणाली. "मी स्वतःलाच नालायक समजून बसले गं. तुला एवढी भीती वाटली माझी?"

"तुझी?" आईने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "मला कसली भीती. मी तर वाट बघत होते, कोणी विचारेल म्हणून. विचारलं असतं तर सांगितलं असतं, हो, नाही उघडली बाटली. तेव्हाही सांगितलं असतं. कोणी विचारलंच नाही."

"मग कशासाठी?"

आईने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुझ्या गाण्यात दारात मुलगी आहे. दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, ही पोर नुसती बघतेय होय? कोणाला बोलवत का नाही? हे म्हणाले ते. पहिल्यांदा ऐकून. मी म्हटलं, हा परका माणूस, याला हे सुचलं. मग ओळखीच्यांना सुचायला किती वेळ."



"खाली डॉक्टर राहायचे," आई म्हणाली. "एक जिना. तुझ्या बाबांनी तुला हाक मारली. दोनदा. नाव घेऊन. तू कडी धरून उभी राहिलीस. मी कोणाला सांगितलं नाही. तू अकरा वर्षांची होतीस, तुझा काय दोष. पण लोक असं मोजत नाहीत."

थोरलीला सगळं आठवत होतं. नेहमीच आठवत होतं. खुर्चीचं वेत, बाटलीचं झाकण, पडद्यावरचं ऊन, सगळं तिने गाण्यात घातलं होतं. त्या दोन हाका तेवढ्या घातल्या नव्हत्या. सव्वीस वर्षांची असताना तिला वाटलं होतं की आपण मोठं धाडस केलं. धाडस कसलं, तिने सगळं ओझं उचलून खुर्चीतल्या बाईच्या मांडीवर ठेवलं होतं आणि स्वतः दारात स्वच्छ उभी राहिली होती. आणि त्या बाईने हूं की चूं न करता ते पलंगाखाली ठेवून त्यावर चौतीस वर्षं झोप काढली होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून गिटार वाजली.

धाकट्याला तेवढाही धीर निघाला नव्हता. आणि मशीन तपासायला त्याने जी बाजू हाताला आली ती लावली होती. थोरली उठायला गेली, पण आईने तिचं मनगट धरलं. सव्वीस वर्षांची ती बाहेर गात होती, हळू, अगदी कानाशी बोलल्यासारखी. चरा नव्हता, खरखर नव्हती. प्रत्येक शब्द लख्ख येत होता. आई ऐकत होती, ओठ घट्ट मिटून, आणि तिची बोटं थोरलीच्या मनगटावर आवळत चालली होती. गाणं चार मिनिटांचं होतं. थोरलीला ते संपेचना.

मग सुई उचलल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

धाकटा आत आला. डोळे पाणावले होते, पण कपाळावर आठी होती, घड्याळ उघडून बसल्यावर असते तशी. "ताई, काय गायचीस गं तू. अंगावर काटा आला." तो थांबला. "पण एक सांग. ती दारातली पोर नुसती उभी कशी राहते? कोणाला बोलवत का नाही?"

"अरे, गाणं आहे ते," आई घाईने म्हणाली. "गाण्यात काय वाटेल ते असतं. तू जा, त्या माणसाच्या चहाचं बघ." तिच्या बोटांत एवढी ताकद असेल असं वाटलं नसतं.

धाकट्याने मान डोलावली. विषय तिथेच मिटला असता. संध्याकाळी चष्मेवाला आला असता, दहाच्या दहा गाणी निघाली असती, आणि पुढे कोणी ना कोणी हेच विचारत राहिलं असतं. आईने मरेपर्यंत हेच उत्तर दिलं असतं.

"ती मी आहे," थोरली म्हणाली. "बाबांनी मला दोनदा हाक मारली होती. मी गेले नाही."

धाकटा आधी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूहळू आईकडे, गाण्यातल्या खुर्चीतल्या बाईकडे, पाहिलं.