माळेतला बादशहा

नाशकात एक रोग आहे. चांदीच्या जुन्या नाण्यावर अनोळखी मुंडकं दिसलं की सराफापासून चहावाल्यापर्यंत सगळे एकच नाव घेतात, नहपान. जोगलटेंभीला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्या राजाची हजारो नाणी सापडली, तेव्हापासून आमच्या लेखी दुसरा राजा झालाच नाही. मीही त्यातलीच.

मी सकीना पटवेकर. सराफ बाजारात आमचं दागिने ओवायचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं कशीबशी मावतात. मागच्या महिन्यात हरसूलकडच्या झुंबरबाई आल्या, आमचं जुनं गिऱ्हाईक. गळ्यातली रुपयांची माळ काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. नात राखीचं लग्न ठरलं होतं, माळ तिला घालायची होती. दहा राणीछाप रुपये आणि मागे मानेपाशी एक लहानसं, जाड नाणं. सुपारीच्या दिवशी मुलाकडच्या बायांनी नेमकं तेच उचलून बघितलं आणि हसल्या. म्हणे, हे तर खोटं! माळ होती झुंबरबाईंच्या आईची. हे सांगताना त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"काडून टाक त्याला. आटव," त्या म्हणाल्या.

मला त्या बायांचा असा संताप आला! लोकांच्या घरी जेवायचं आणि वर मेलेल्या माणसाला नावं ठेवायची. मी नाण्याची ओवायची कडी न तोडता ते माळेतून सोडवलं आणि तसंच आमच्या ह्यांच्या, म्हणजे निसारमियाँच्या हातात दिलं. त्यांनी कड कसोटीवर जराशी घासली. चांदी अस्सल निघाली. मग भिंग लावलं आणि ऐटीत निकाल दिला, नहपान. आणि उठले रिठ्याचं पाणी आणायला, घासून चकाचक करणार म्हणे.

मी म्हटलं, थांबा जरा. नहपानाच्या पाठीवर बाण आणि वज्र असतं, वीस वर्षं लोक दाखवायला आणतात, एवढं तर मलाही पाठ आहे. ह्याच्या पाठीवर मळ आणि कुंकू इतकं बसलेलं की काही दिसेना. दोरा ओढायचं मेण माझ्यापुढेच होतं. बोटांनी मऊ केलं, त्यात नाणं दाबलं आणि अलगद उचललं.

बाण नाही. वज्र नाही. खुर्चीवर बसलेली एक बाई, हातात डहाळी.

निसारमियाँनी आपला निकाल मागे घेतला. असं वर्षातून एकदा होतं.

मी नाणं उलटं केलं. दुसरी बाजू दाबली. नाण्यावर झिजून गेलेलं मेणात बरं उठलं होतं. मुंडक्यावर पानांचा मुकुट आणि बाजूने अक्षरं, पण उलटी. गिऱ्हाइकांचा आरसा ओढला, मेण त्याच्यासमोर धरलं. सी, ए, ई, एस, ए, आर. माझं इंग्रजी दहावीपुरतं, पण सीझर वाचायला तेवढं पुरे. या अल्लाह! मेण हातातून पडता पडता वाचलं.

जुन्या नाण्यांचा अभ्यास करणारा हर्षल आमच्याकडे नेहमी येतो. त्याला फोटो पाठवले. दोन मिनिटांत त्याचाच फोन, धापा टाकत. टायबेरियस म्हणून रोमचा बादशहा, चांदीचं नाणं, दोन हजार वर्षांचं. तिकडून जहाजं यायची, माल घ्यायची, चांदी द्यायची. आटवायचं नाही, घासायचं नाही, हात जोडतो काकू, असं तो तीनदा म्हणाला. निसारमियाँनी रिठ्याचा डबा गुपचूप फळीवर ठेवला.

मी हे सगळं झुंबरबाईंना एका दमात सांगितलं. रोम, बादशहा, जहाजं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी खोटं नाय?"

"नाही मावशी. तुमच्या दहाही रुपयांपेक्षा जुनं, आणि अगदी खरं."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हुंदके द्यायला लागल्या. मलाही रडू आलं, लपवलं नाही. मग डोळे पुसून त्यांनी माळ माझ्याकडे सरकवली आणि बादशहा मधोमध घ्यायला सांगितला, पाच रुपये इकडे, पाच तिकडे. मी गाठ मारेपर्यंत त्यांची नजर हलली नाही. माळ गळ्यात घालून त्या उठल्या आणि माझा हात धरला.

"लग्नाला तूच ये. त्या बायांपुढं तुज्या तोंडानं सांग. माजी आय खोटं घालत नव्हती."