मग ती मुलगी कुठे गेली?

त्या भागात अशी खिडकी सापडणं कठीण, जिच्यातून काचवाल्याने एकदा तरी आतलं घर पाहिलं नसेल. दुकानाची दर्शनी काच असो, चेंडू लागून फुटलेलं शाळेचं तावदान असो की एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या न्हाणीघराचा टीचभर झरोका असो, लोक त्यालाच बोलावत. त्याचं खरं नाव घेतलं तर समोरचा विचारात पडे, आणि काचवाला म्हटलं की लगेच, "अच्छा, तो होय!" माणूस अबोल, पण कामाला वाघ. बोटांवर बारीक पांढरे व्रण, नखांत वाळलेली पुट्टी आणि बगलेत मापाची लांब लाकडी पट्टी.

त्याला नाद एकच होता, पिक्चरचा. नाद म्हटला तरी तो दर्दी वगैरे मुळीच नव्हता. नटनट्यांची नावं त्याला धड येत नसत आणि पिक्चरची नावं थिएटरच्या पायऱ्या उतरेपर्यंतसुद्धा टिकत नसत. 'तो लिफ्टवाला', 'तो धुक्यातला', 'तो न्हाव्याच्या खुर्चीवाला', असं त्याचं चालायचं. पण त्याच्या आवडीच्या सगळ्या पिक्चरांत एक गोष्ट ठरलेली असे. कुणीतरी आजच्या दिवसातून उठायचं आणि थेट मागच्या काळात जाऊन पडायचं.

ते कसं जमतं याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. आज्याला मारलं तर नातू कुठून येणार, असल्या कोड्यांत तो डोकं घालत नसे. त्याला हवा असायचा एकच प्रसंग. नायक जुन्या रस्त्यावर उतरतो. पाट्या जुन्या, गाड्या जुन्या, लोकांचे कोट जुने. चालत चालत तो एका ओळखीच्या दाराशी येतो, आणि आत कुणीतरी असतं. आजच्या हिशेबाने ते माणूस केव्हाच गेलेलं, पण तिथे मात्र निवांत बुटाला पॉलिश करत बसलेलं, नाहीतर चष्मा सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेत असलेलं. पुढे आपलं काय होणार, हे त्या माणसाला काहीच ठाऊक नाही. तेवढं बघताना काचवाला खुर्चीच्या कडेवर सरकून बसायचा. मग पाठलाग आणि स्फोट सुरू झाले की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. निम्मेअधिक पिक्चर त्याने घोरूनच काढले होते.

त्याची बायको बाळंतपणात गेली होती. दोघं हसतखेळत दवाखान्यात गेली आणि तो कापडात गुंडाळलेलं मूल घेऊन एकटा परतला. मूल इतकं एवढंसं की त्याची ताई म्हणाली, "अगं बाई, ही तर मुंगी!" तेच नाव पडलं. ताई वरच्या मजल्यावर राहायची. हॉटेलांच्या चादरी-अभ्र्यांना इस्त्री करून द्यायचं तिचं काम. मुंगीचं न्हाऊमाखू, शाळा, आजारपण सगळं तिने इस्त्री करता करता निभावलं. आता मुंगी बापाच्या खांद्याला लागली होती, कॉलेजात जायला लागली होती.

कोपऱ्यावरच्या थिएटरात रविवारी सकाळी जुने पिक्चर लावत. मुंगी लहान होती तेव्हा काचवाला आपल्या कोटाची घडी करून तिच्याखाली घालायचा, म्हणजे तिला पुढच्या डोक्यांवरून दिसायचं. कितीतरी वर्षं दोघांचा हा नेम चालला. पण अलीकडे तिची कारणं सुरू झाली होती. कधी अभ्यास, कधी डोकेदुखी, कधी मैत्रीण. काचवाल्याने मनाशी म्हटलं, मोठी झाली, आता बापाबरोबर फिरायला लाजणारच. आणि तो एकटाच जायला लागला.

अशाच एका रविवारी तो घरी आला तो खुशीत. ताई खाली जेवायला आली होती. गरम सूप, पाव आणि उकडलेली अंडी असा साधाच बेत होता. एरवी मोजकं बोलणारा हा माणूस त्या दिवशी सुटलाच.

"काय पिक्चर होता, ताई! एक माणूस असतो, घड्याळजी. त्याची बायको गाडीखाली सापडून गेलेली असते. मग तो एका बोगद्यातून चालत जातो आणि पलीकडे निघतो तेव्हा लग्नाच्या आधीचे दिवस! मग काय, तो गावच बदलतो, तिला दुसरीकडे नेतो. शेवटी परत येतो तर बायको जिवंत! टेबलाशी बसलेली. ऊन पडलंय. फार छान."

"आणि त्यांची मुलगी?" मुंगीने विचारलं.

"कुठली मुलगी?"

"पोस्टरवर आहे ना. त्याच्या कडेवर."

काचवाला पावाचा तुकडा हातात धरून आठवायला लागला. "हां, असते खरी सुरुवातीला. नंतर... नंतर काही दिसली नाही बुवा. विसरले असतील." आणि तो हसला. "एवढा मोठा पिक्चर काढायचा म्हणजे एखादी गोष्ट राहतेच की."

मुंगीने ताटली उचलली, मोरीत ठेवली आणि ती तिच्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं.

ताईने चमचा खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "अरे शहाण्या, देवाने तोंड दिलंय म्हणून काहीही बोलायचं का?"

"मी काय केलं?"

"ती पिक्चरला का येत नाही, कधी विचारलंस? मला विचारत होती मागे. म्हणाली, आत्या, बाबा दर रविवारी तेच बघायला जातो ना? बायको परत आणायची आणि बाकीचं पुसून टाकायचं. तिथे मी कशाला जाऊ? माझीच काटछाट बघायला?"

काचवाल्याच्या हातातला पाव तसाच राहिला. बायको गेली तेव्हा गेली, पण आपण रविवारी कुठे जातो याचा हा अर्थ कुणी लावेल, आणि तोही आपल्या पोटच्या पोरीने, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तो उठला आणि दारावर टकटक करून आत गेला. मुंगी खिडकीशी बसली होती.

"तसलं काही मनात आणू नकोस," तो घाईघाईने म्हणाला. "मी कधीच तसा विचार केला नाही. एकदासुद्धा नाही."

"खोटं," मुंगी म्हणाली. रागाने नाही, एखादं गणित चुकलंय असं सांगावं तसं. "कुणीही केला असता, बाबा. तू पण केलास."

तो मागे सरला आणि दार ओढून बाहेर आला.

पुढचा आठवडा घरात सगळं नेहमीसारखं होतं आणि काहीच नेहमीसारखं नव्हतं. मुंगी विचारलं तर उत्तर द्यायची, दूध उतू गेलं तर पुसायची, पण तिचं बोलणं पाहुण्यासारखं झालं होतं. काचवाल्याचं कामात लक्ष लागेना. एका केक-बिस्किटांच्या दुकानाची काच त्याने बोटभर आखूड कापली. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. मालक म्हणाला, "काय हो, प्रेमात पडलात की काय?" तो कसनुसं हसला आणि दुसरी काच कापायला बसला. डोक्यात एकच फिरत होतं. ती पोरगी शेवटी कुठे गेली? खरंच विसरले, की तेव्हा मीच झोपलो होतो?

शनिवारी त्याने मुंगीला सांगितलं, "उद्या परत तोच पिक्चर आहे. मधे मला झोप लागली होती. त्या मुलीचं काय झालं ते मला माहीत नाही. चल, दोघं बघू."

मुंगीला हे अपेक्षित नव्हतं. तिने हातातलं पुस्तक मिटलं. "आणि खरंच विसरले असतील तर?"

"तर विसरले असं कळेल."

ती आली. दोघं आपल्या जुन्या जागी बसली. काचवाल्याने या वेळी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. पाठलाग आला, पूर आला, बोगदा कोसळला, तो ताठ बसून होता. ती मुलगी सुरुवातीला दोनदा दिसली. एकदा बापाच्या कडेवर आणि एकदा पलंगाखालून चप्पल काढताना. मग बाप बोगद्यात शिरला, आणि नंतर तिचं नावही कुणी घेतलं नाही. शेवटी तेच टेबल, तेच ऊन. बायकोच्या मागे एक दार उघडं होतं आणि त्या खोलीत कुंड्या ठेवलेल्या होत्या. सुरुवातीला तिथे पलंग होता. नायकाने तिकडे वळूनही पाहिलं नाही. जोरात संगीत वाजलं आणि दिवे लागले.

मुंगी आपली पिशवी उचलून उभी राहिली. पण काचवाल्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तो तरातरा बाहेर गेला आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसला.

"त्या मुलीचं काय झालं?"

मॅनेजर फोनवर होता. त्याने घाबरून फोन ठेवला. "कुठली मुलगी? कुणी हरवलंय का आत?"

"पिक्चरमधली! घड्याळजीची! बापाला आठवतसुद्धा नाही? पोटची पोर आहे ती! लाज वाटायला नको?"

"अहो, मी फक्त लावतो, मी काढत नाही," मॅनेजर काकुळतीला येऊन म्हणाला. "पन्नास वर्षांपूर्वीचा पिक्चर आहे. आता काढणाऱ्याला कुठून बोलावू?"

"लावायचाच नाही असला!"

मागे दारात मुंगी उभी होती. तिने बापाचा दंड धरला आणि त्याला ओढत बाहेर आणलं. दोघं थिएटरच्या पायऱ्यांवर बसली. लोक पांगले होते. झाडूवाली तिकिटांचे तुकडे गोळा करत होती. काचवाल्याचा श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग तो मुंगीकडे न बघताच बोलायला लागला.

"तू झालीस ना, तेव्हा कुणी मला विचारलं असतं, मागच्या काळात जातोस का, तर मी गेलो असतो. मागे वळूनसुद्धा बघितलं नसतं. तुला मी ओळखतच नव्हतो गं. तुझ्या आईला ओळखत होतो."

मुंगीने मान हलवली. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, पण तिचे खांदे सैल पडले. हे तिला आतून माहीतच होतं, कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं होतं इतकंच.

"मग कधी बदललं?" तिने विचारलं.

"एक दिवस असा सांगता येणार नाही. तुला कांजिण्या आल्या तेव्हा नाही. शाळेत घातलं तेव्हा तर ती जास्तच हवी होती. पण एकदा मी कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर काच बसवत होतो. वारा सुटला आणि शिडी सरकली. वाटलं, गेलो. आणि पहिलं मनात काय आलं, तर मुंगीला शाळेतून कोण आणणार? तुझ्या आईची आठवण झालीच नाही. तुझीच झाली. घरी आल्यावर मला लाज वाटली. तिला फसवल्यासारखं. म्हणून मग पुढच्या रविवारी तिला बघायला म्हणून..." तो अडखळला. "मला काही बदलायचं नसतं तिथे. तिला नुसतं बघायचं असतं. अंधारात बसून जरा तिचा विचार करता येतो. घरी करायची सवयच गेली."

"मला तर तेवढंही करता येत नाही," मुंगी म्हणाली. "कशाचा विचार करू? माझ्याकडे एक फोटो आहे आणि तू तिचं नाव निघालं की गप्प बसतोस. ती बोलायची कशी? चिडायची कशी? मला कुणी काही सांगतच नाही."

काचवाल्याने तोंड उघडलं. बायकोचा आवाज तिला ऐकवावा म्हणून त्याने मनात हाक मारून बघितली. चेहरा आला, केस आले, भुवई उडवायची सवय आली. आवाज येईना. इतक्या वर्षांत तो कधी निसटला हे त्याला कळलंच नव्हतं. त्याने तसं मुंगीला सांगितलं, आणि हे सांगताना मात्र त्याचे डोळे भरून आले. मुंगीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या मोठ्या माणसाच्या पाठीवर हात कसा फिरवायचा हे तिला नीट येत नव्हतं, पण तिने फिरवला.

"आत्याला विचारू या," ती म्हणाली.

ताई वर इस्त्री करत होती. खोलीत ओल्या कापडाची वाफ आणि चादरींचे ढीग. दोघांनी आपल्याला काय हवंय ते तिला सांगितलं तेव्हा तिने आधी भावाकडे बघून खात्री करून घेतली. मग इस्त्री उभी केली, कमरेवर हात ठेवला, गळा साफ केला आणि एकदम वेगळ्याच, जरा नाकातल्या आवाजात ओरडली, "अहो काचसम्राट! जेवायला येताय, की ताट काचेतूनच दाखवू?"

मुंगीला हसू फुटलं. "अशी बोलायची?"

"अशीच. सगळ्या बिल्डिंगला ऐकू जायचं. आणि हा बापडा मापं टाकून खाली मान घालून जेवायला."

"परत कर ना, आत्या."

ताईने परत केलं. काचवाला चादरींच्या गाठोड्यावर बसला होता. त्याने डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते.

"नाही, ताई," तो म्हणाला. "एवढं भरभर नाही. 'अहो' जरा लांबवायची ती."

"मग तू करून दाखव."

त्याने केलं. घोगरं आणि बेसूर झालं, पण ताईने पटकन तोंडावर हात ठेवला आणि ती खाली बसली. मुंगी कधी आत्याकडे बघत होती, कधी बापाकडे.

"अहोऽऽ," तिने स्वतःच म्हणून बघितलं. "असं?"

"जवळजवळ," काचवाला म्हणाला. "अजून थोडं वर ने."