दोघांपुरता तराफा

“नातवासाठी बघताय का, मावशी?”

“न्हाय. मला.”

धैर्यशीलने चहाचा कप काउंटरवर ठेवला. रंकाळ्याच्या मागच्या गल्लीतलं त्याचं दुकान म्हणजे तंबू, पोहायचे चष्मे, लाइफ जॅकेट. पाण्यावर उभं राहून वल्हवायचे पॅडल बोर्ड त्याने गेल्या वर्षापासून ठेवले होते, आणि ते घ्यायला येत ती कॉलेजची पोरं. समोरच्या बाई साठीच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ. सरकारी नर्स म्हणून सारी नोकरी केलेल्या आक्काताईंना घड्याळाशिवाय हात उघडा वाटायचा.

“पवायला येतंय?”

“येतंय की. वारणाकाठी नर्सकी केलीया.”

त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या एका तांबड्या बोर्डावर गेली. सडपातळ, पुढं निमुळता, नव्या नवरीसारखा नटलेला.

“त्यो नगं,” धैर्यशील म्हणाला. “त्यो शर्यतीचा. पाय ठेवला की उलटतोय. पहिला बोर्ड रुंद पायजे, जाड पायजे. लग्नागत असतंय हे, मावशी. देखण्यापरास सांभाळून घेणारा बरा.”

“तुझं झालंय लग्न?”

“न्हाय अजून.”

“मग गप बोर्डाचं सांग.”

तो मोठ्यानं हसला. पिशवीतून त्याने एक गुंडाळी काढली, फरशीवर पसरली आणि पंप लावला. वाकळेसारखी पडलेली ती वस्तू हळूहळू फुगत, ताठ होत गेली. रंग शेवाळी. नजरेत भरण्यासारखं काही नाही. आक्काताई खाली वाकल्या आणि बोर्डाच्या कडेला त्यांनी अंगठा दाबला. जोर लावून दाबला. अंगठा रुतला नाही.

“असं काय बघताय?”

“अंगठा रुतला तर केळीचं खांड कुजकं,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या.

“वजन किती तुमचं? त्यावर बोर्ड ठरतोय.”

“दोघांचं सांगू?”

धैर्यशीलने पंपावरून मान वर केली.

“माझं साठ-बासष्ट. मालकांचं...” आक्काताईंनी पदर सारखा केला. “पैलवान गडी होता. आता पन्नास धर.”

 त्याने तांबडा बोर्ड भिंतीकडं तोंड करून ठेवला. “मग ह्योच न्या,” तो म्हणाला. “आदी एकट्यानं शिका. दर रविवारी मी तळ्यावर असतोय.”

*

वारणाकाठच्या त्या गावात आक्काताई नर्स म्हणून आल्या तेव्हा चोविशीच्या होत्या. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली जायचा आणि पल्याडची वस्ती तुटायची. आजारी माणूस तिकडं, औषधाची पेटी इकडं. मध्ये तांबडं पाणी. मग गावचा पैलवान बाबासो तराफा बांधायचा. घड उतरलेल्या केळी तोडायचा, एकेका खांडात अंगठा दाबून निवडायचा, बांबूच्या कामट्या आरपार घालून सोलाच्या दोराने आवळायचा. मागं तो वेळूची काठी घेऊन उभा, पुढं पेटी छातीशी धरून त्या.

पहिल्या दिवशी त्या खाली बसायला गेल्या.

“बसू नगा, सिस्टर. बसलासा की भ्याल. उभं ऱ्हावा. गुडघं मऊ ठिवा, आन् पाण्याकडं न्हाय, पल्याडच्या काठाकडं बघा.”

पल्याडच्या काठावर म्हातारी तानाबाई कंदील धरून वाट बघत असायची. सून अडलेली असो की नातू तापलेला असो, तिच्या तोंडात ओवी असायचीच:

नदीबाई भरली, दोन्ही काठ एक झालं
पल्याडच्या लेकीचं, माहेर दूर गेलं

काठ लागला की बाबासो काठी चिखलात रोवायचा, तराफा गच्च धरायचा आणि म्हणायचा, “उतरा, सिस्टर.” त्याने कधी हात पुढं केला नाही. तराफा मात्र त्या उतरेपर्यंत कधी हलला नाही.

असे तीन पावसाळे गेले आणि बुद्धविहारात दोघांचं लग्न लागलं. लग्नानंतर बाबासो ‘आक्का’ म्हणू लागला. पाण्यावर मात्र ‘सिस्टर’ आणि अहो-जाहोच.

पाणी ओसरलं की तो कोयता घेऊन तराफ्याचे तुकडे करायचा आणि म्हशीपुढं टाकायचा. पहिल्या वर्षी आक्काताई म्हणाल्या होत्या, “एखादा तुकडा तरी ठेवा की.”

“कशाला? कुजतोय त्यो. भन्तेजी काय सांगत्यात? पल्याड पोचल्यावर तराफा डोक्यावर घिऊन हिंडू नये. मी तर म्हशीला घालतोय. तिला बी पुण्य!”

पुढं उंच पूल झाला. पुलावरून एसटी जाऊ लागली. तराफ्याची कुणाला आठवण राहिली नाही.

*

दोन वर्षांपूर्वी बाबासोची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. कोल्हापुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत तो रस्त्याकडं पाठ करून बसायचा. बाहेर चला म्हटलं की दोनच शब्द: “लोकं बघत्यात.” ‘आक्का’ही आता क्वचित. ‘सिस्टर’ तर कधीच नाही.

शेवाळी गुंडाळी घरात आली तेव्हा त्याने मान वळवली नाही. लेक मनाली मात्र ओरडली, “आई, लोकं ह्या वयात योगाला जातात!”

“जाऊ देत की. मी कुणाला अडिवलंय?”

तळ्यावर आक्काताई पहिल्या रविवारी पडल्या. दुसऱ्या रविवारीही पडल्या. नाकातोंडात पाणी गेलं, काठावरची पोरं हसली. “मावशी, गुडघं मऊ ठेवा, लांब बघा,” धैर्यशील ओरडला, आणि लाइफ जॅकेटात तरंगता तरंगता त्यांना एकदम हसू फुटलं. हे सांगणारा माणूस घरी भिंतीकडं बघत बसला होता.

पावसाळ्यानंतर पाणी निवळलं, तशा त्याही निवळल्या. गुडघ्यावरून उभं राहायला जमलं. वल्हं कुशीत ओढायचं, मग सोडून द्यायचं. रडक्या बाळाला थोपटावं तसं.

*

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, कुठं ते न सांगता बाबासोला गाडीत बसवून, मनालीने गाडी थेट वारणेच्या जुन्या बंधाऱ्यापाशी आणली. बंधाऱ्याला फळ्या घातल्या होत्या. अडलेलं पाणी काचेसारखं उभं होतं. पल्याड उसाला तुरे आले होते.

बाबासो गाडीतच बसून राहिला. काच खाली, डोळे मांडीवर.

 आक्काताईंनी बोर्ड पसरला, पंप लावला. दांडा वर-खाली होऊ लागला. मनाली मदतीला आली तर तिला बाजूला सारलं. बराच वेळ त्या पंप मारत राहिल्या. मग दम लागला, खांदा भरून आला. झालं एवढं पुरे, म्हणून त्यांनी नळी काढली.

मागं गाडीचं दार वाजलं.

बाबासो काठी टेकत, मनालीच्या खांद्याचा आधार घेत येत होता. बोर्डापाशी यायला त्याला फार वेळ लागला. कुणी घाई केली नाही. तो कसाबसा वाकला. डावा हात पुढं केला आणि कडेला अंगठा दाबला.

अंगठा रुतला.

“हवा,” तो म्हणाला. शब्द जुळवायला ओठ वाकडे झाले. “कमी हाय.”

“असू दे की. चालतंय.”

“न्हाय चालत.” आवाज जड होता, पण बोलणं जुन्या बाबासोचं होतं. “मार.”

त्यांनी पुन्हा नळी लावली. तो वाकलेलाच. मध्येच अंगठा दाबायचा, मान हलवायचा, “आनी.” आक्काताईंच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि तोंडभर हसू होतं. अखेर त्याचा अंगठा वरच्या वर राहिला.

“आता चल,” तो म्हणाला.

लाइफ जॅकेट घालून मायलेकींनी त्याला पुढं बसवलं, पाय पसरून. आक्काताई मागं गुडघ्यांवर, मग हळूच उभ्या. बोर्ड एकदा डगमगला. बाबासोची पाठ ताठ झाली. त्याने डावा तळवा पाण्यावर ठेवला. घाबरून नव्हे, ओळखीच्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

वल्हं पाण्यात जायचं, थेंब गाळत वर यायचं.  नदीच्या मध्यावर आक्काताईंच्या ओठांत तानाबाईची ओवी आली, सूर लागला नाही तरी त्या म्हणत राहिल्या. पुढं बाबासोची मान तालावर किंचित हलत होती. ज्या पाठीमागं उभं राहून त्याने त्यांना तीन पावसाळे पार नेलं होतं, ती पाठ आता मागं होती. पुढं त्याची पाठ, कशी लहान झालेली.

काठ लागला. त्यांनी वल्हं चिखलात रोवलं, बोर्ड गच्च धरला.

“उतरा, पावणं.”

तो काठाकडं बघत राहिला. तानाबाईची वस्ती होती तिथं आता ऊसच ऊस होता.

“थांब की जरा,” तो म्हणाला.

त्या थांबल्या. बोर्ड हलला नाही.

परत येईपर्यंत ऊन चढलं होतं. मनाली त्याला वर घेऊन आली, गाडीतली घडीची खुर्ची काढून त्याला तीत बसवून टॉवेल आणायला गेली. आक्काताईंनी बोर्ड गवतावर ओढला आणि हवा सोडायला झडपेवर बोट ठेवलं.

“आता म्हशीला घालायचा का?” त्यांनी विचारलं.

तो हसला. अर्ध्या तोंडानं, पण हसला. मग बराच वेळ ओठ हलत राहिले. शब्द लांबून, नदी ओलांडून यावेत तसे आले.

“सिस्टर... ह्यो ठिवा.”

आक्काताईंनी बोट काढून घेतलं. बोर्डावर पुढं त्याच्या बैठकीचा ओला ठसा होता, मागं त्यांच्या दोन पावलांचे. ते उन्हात पुरते सुकेपर्यंत त्यांनी झडप उघडली नाही.