जुडीच्या मापाची सुतळी

"आजी, हाताचा आधार न घेता या खुर्चीतून उठून दाखवा. पाच वेळा."

वाशिमच्या दवाखान्यात डॉक्टर असं म्हणाले, तेव्हा आत्याबाईंनी हातांची छातीवर घडी घातली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, तुळसाबाई. वय अडुसष्ट. त्या पुढं वाकल्या, मानेच्या शिरा वर आल्या, ओठ दाताखाली गेला, पण खुर्ची काही सुटली नाही. मी सवयीनं काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

"तुम्हाला नव्हतं सांगितलं," डॉक्टर मला म्हणाले.

संक्रांतीच्या आठवड्यात आत्याबाईंच्या आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आतड्याचं तोंड पोटावर काढलं आणि त्याला पिशवी लावली. तीन महिन्यांनी आतडं परत जोडू, पिशवी जाईल, असं तेव्हाच ठरलं होतं. आत्याबाई ते तीन महिने दिवस मोजून जगल्या होत्या. पिशवी कधीही फुगते, चारचौघांत आवाज करते. चाळीस वर्षं अनसिंगच्या बाजारात भाजी घेऊन बसलेली, गिऱ्हाइकाला एका शब्दात गप्प करणारी बाई पदराखाली उशी धरून घरात कोंडून बसली होती.

"तर मंग काहून नाई करत ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.

"आजी, पहिलं ऑपरेशन चांगलं झालं. पण त्यानंतर तुमच्या मांड्यांत मांसच राहिलं नाही. अशा अंगावर दुसरं केलं तर खाटेवरून उठणं होणार नाही, छातीत कफ भरेल. पाच आठवडे देतो. पाच वेळा उठलात तर तारीख देतो."

"नाई उठली तं?"

"तर पिशवी राहू द्यायची."

"कायमची?" मी विचारलं. डॉक्टरांनी होकाराची मान हलवली.

बाजूच्या खोलीत व्यायाम शिकवणाऱ्या साधना मॅडम होत्या. त्यांनी खाणं विचारलं. मी मोठ्या ठसक्यात सांगितलं: साबुदाण्याची पेज, पातळ भात, चहा-बिस्कीट. एकदम हलकं.

"वरण? दही?"

"टाके हायत ना!" आत्याबाई म्हणाल्या, जणू मॅडमला एवढंही कळू नये.

याला कारण होतं. माझे सासरे चंपतराव एकोणीस वर्षांपूर्वी अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर आठव्या दिवशी एका लग्नाच्या पंगतीत तुरीचं वरण जेवले. टाके पिकले, विष अंगात भिनलं, ते गेले. तेव्हापासून आमच्या घरात टाका पडला की वरण, दही, शेंगदाणे बंद. सहाव्या दिवशी ते ओल्या वाफ्यात पाणी द्यायला उतरले होते, हे मात्र कोणी धरत नाही. मीही कधी धरलं नव्हतं.

"बंद केलंत त्यानंच तर अंगावर मांस भरतं," साधना मॅडम म्हणाल्या. "आणि चालतात किती?"

आता माझी पाळी होती. चालतात कुठं? मी खाटेवरून उचलत होते, मोरीत नेत होते, परत निजवत होते. शेजारची रामीबाई गावभर सांगत फिरायची, "सून असावी तं अशी, सासूचा पाय जमिनीले टेकू देत नाई." ते ऐकून मला दिवसभर गोड वाटायचं. मॅडमनी आत्याबाईंची लोंबती मांडी चिमटीत धरली आणि माझ्याकडं पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझे मालक, दिनेश, भाजीची गाडी चालवत होते. अनसिंग जवळ आलं. मग आत्याबाईंनी विचारलं, "दिन्या, पिशवीसगट जाळसान का मले?"

यांनी गाडी कडेला घेतली आणि उगाच टायर पाहून आले.

घरी मी मुगाचं वरण केलं. आत्याबाईंनी वाटी बोटानं दूर सारली. "तुह्या सासऱ्यानं खाल्लं, पुरे झालं."

"अवो, तुमचे टाके वाळले. तीन महिने झाले."

"आतले पाह्यले का तू?"

रामीबाई उंबऱ्यातच बसली होती. "डॉक्टरले काय व, तो पुना कापाले मोकळा," ती म्हणाली. चार दिवस वाटी जशीच्या तशी परत आली. पाच आठवड्यांतले चार दिवस गेले आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहणं सोडून दिलं.

पाचव्या दिवशी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या होत्या आणि सुतळीचे तुकडे संपले होते. आमच्याकडं जुडीचं माप म्हणजे आत्याबाईंची पोटरी. सुतळीचा एक वेढा पोटरीभोवती, वर चार बोटं गाठीला, कच्चकन कापायची. मग त्या तुकड्याच्या मापानं बाकीचे तुकडे. तुकडा भरेपर्यंत सांबार घालायचा. तुळसाबाईची जुडी भरीव, असं बाजारात नाव होतं. मी नवीन गुंडाळी घेऊन खाटेपाशी गेले, पाय पुढं घेतला, वेढा दिला, कापलं. मी नाही काही पाहिलं, त्यांनीही नाही. शंभर जुड्या बांधून गाडीत भरल्या.

दुपारी हे बाजारातून परतले ते तणतणत.

"सुचिता, कोनं शिकवलं तुले हे? गिऱ्हाइक तोंडावर म्हन्ते, म्हातारी घरी बसली आन् जुडी बारीक झाली. निम्मा माल वापस आनला!"

"मापानंच बांधल्या!"

"कोनाच्या मापानं?"

आत्याबाई खाटेवरून ऐकत होत्या. माल बारीक म्हटलेलं त्यांना शिवीसारखं लागायचं. "मळ्यातल्या खोपीत खिळ्याले जुना तुकडा हाय," त्या म्हणाल्या. "आन तो."

तो गेल्या दिवाळीचा तुकडा होता. यांनी दोन्ही सुतळ्या एका टोकाला धरून सोडल्या. नवी चार बोटं आखूड. यांचा राग जागच्या जागी विझला. मी खाली बघत राहिले.

आत्याबाईंनी जुनी सुतळी मागून घेतली, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि स्वतःच्या पोटरीला वेढा दिला. गाठीची जागा सोडूनही सुतळी लोंबत राहिली. त्यांनी ती दोनदा ओढून पाहिली, जसं बाजारात दुसऱ्याची जुडी हातात घेऊन ओढून पाहायच्या.

"असा माल मी ठिवला असता का दुकानावर?" त्या हळूच म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आन ते वरण."

पहिला घास गिळताना त्यांनी डोळे मिटले होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच आरसा घेऊन पोट पाहत बसल्या. मीही मागून डोकावत होते, खोटं कशाला सांगू.

व्यायामाला मी खुर्चीवर पोत्यांच्या घड्या रचल्या. उंच बसलं की उठायला सोपं, असं मॅडमनी सांगितलं होतं. चार पोती. जमेल तसं एकेक काढायचं. पिशवीखालचं आतडं बाहेर ढकललं जाऊ नये म्हणून उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. दिवसातून तीन वेळा. सकाळी वरण, दुपारी दही, संध्याकाळी दूध. मोरीपर्यंत त्या स्वतः, मी मागून रिकाम्या हातानं. त्या चार पावलं टाकायला जेवढा वेळ घेत, तेवढ्यात माझी भाकर करपायची.

"पडली तं?" रामीबाई ओरडायची.

"पडली तं तू उचल," आत्याबाई म्हणायच्या. "सुनेले मनाई हाय."

दहाव्या दिवशी पिशवीभोवतीची कातडी लाल झाली. आत्याबाईंनी आरसा खाली ठेवला आणि ताट पालथं केलं. "मी म्हनतच होती," असं म्हणून रामीबाई घाईघाईनं निघून गेली, बातमी सांगायची होती. मी फोटो काढून साधना मॅडमना पाठवला. उत्तर यायला दीड तास लागला.  चंपतरावांचा फोटो समोरच्या भिंतीवर. आत्याबाई त्याच्याकडं पाहत होत्या आणि मी त्यांच्याकडं. मॅडमचा फोन आला. डॉक्टरांनी फोटो पाहिला होता: ताप नाही, टाक्यांची रेघ कोरडी आहे, ही पिशवी चिकटवायच्या पट्टीची जळजळ. पट्टी बदला, मलम लावा, खाणं थांबवू नका.

तरी दोन दिवस त्या पेजेवर राहिल्या. तिसऱ्या दिवशी मी मागं न लागता स्वतःच वाटी पुढं केली. "ते वाफ्यात उतरले होते," भिंतीकडं न पाहता त्या म्हणाल्या. "मी नको म्हनलं होतं." एवढंच. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

पोती तीनवर आली, दोनवर, एकावर. सुतळी मात्र हटून बसली होती. महिन्यात अर्धं बोट. त्या चिडून सुतळी फेकायच्या, मॅडम फोनवर सांगायच्या की ताकद आधी येते, मांस मागून. शेवटच्या आठवड्यात शेवटचं पोतं काढलं. नुसत्या खुर्चीवरून एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. पाचव्याला दर वेळी खाली. जायच्या आदल्या दिवशीही चारच.

मेच्या उन्हात वाशिमला पोचलो. तीच खुर्ची, तेच डॉक्टर. मी बाकावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

एक. दोन. तिसऱ्याला पिशवीनं आवाज केला. आत्याबाईंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चार. त्या खाली टेकल्या आणि बराच वेळ तशाच बसल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दिनेश दाराच्या चौकटीला कपाळ लावून उभे होते.

त्या पुढं वाकल्या. बूड सुटलं. अर्ध्यावर येऊन थांबलं. गुडघे लटलटू लागले, लुगड्याचा काठ थरथरत होता. माझा उजवा हात मांडीखालून कधी सुटला, मला कळलं नाही.

"हात नको लावू, व!" त्या दातातून म्हणाल्या. "मोजनार नाईत ते!"

मी हात पाठीमागं नेला. आत्याबाईंनी तोंडानं फूऽऽ करून श्वास सोडला, जसा चुलीत सोडतात, आणि गुडघे सरळ झाले. उभ्या. डुलत होत्या, पण उभ्या.

 टेबलावरचं कॅलेंडर उलटवून डॉक्टरांनी जूनमधल्या एका सोमवारावर गोल केला आणि ते आमच्याकडं फिरवलं. "वरण बंद करू नका," एवढं म्हणाले.

"आता कायले बंद करतो," आत्याबाई म्हणाल्या.

दवाखान्याच्या बाहेर पाच पायऱ्या आहेत. मी शहाण्यासारखी दोन पायऱ्या खाली जाऊन, हात पाठीमागं बांधून उभी राहिले. आत्याबाईंनी वरून माझ्याकडं पाहिलं, पायऱ्यांकडं पाहिलं आणि हात पुढं केला.

"धर ना व आता. का तमाशा पाहून राह्यली?"